येळवशीला नेलेला डबा

लातूरला बदली होऊन आम्हाला चारच महिने झाले होते. येळवशीची, म्हणजे वेळा अमावस्येची, सुट्टी मिळाली, म्हणून चार वर्षांच्या लेकीला घेऊन आम्ही नवराबायको गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत पायी निघालो. पाठीवरच्या पिशवीत पोळीभाजीचा डबा होता. त्या दिवशी इथं सगळं शहर शेतात जेवायला जातं आणि वाटेनं जाणाऱ्यालाही उपाशी सोडत नाही, हे आम्हाला कुठं ठाऊक!

पहिल्याच शेतातून एका आजींनी हाक मारली. पिशवीतला डबा बघून त्या म्हणाल्या, “आजच्या दिवशी डबा? लाज हाय का न्हाई तुमाला!” इतक्या मायेनं आम्हाला कुणी झापलं नव्हतं. कडब्याच्या खोपीत बसवून त्यांनी पालेभाज्या आणि शेंगादाण्यांची घट्ट भज्जी आणि ताकातली आंबील वाढली. पुढच्या शेतातही तेच. तिसऱ्या शेतात मी वैतागून घड्याळ दाखवलं, तर तिथल्या काकांनी त्याच हातात आंबिलीचा तांब्या दिला. तळं राहिलंच. लेक बांधाबांधानं बोरं वेचत हिंडली.

कुठल्याच सातबाऱ्यावर आमचं नाव नाही. दुसऱ्या दिवशी बालवाडीच्या बाईंनी विचारलं, “तुमचं शेत कुठंय?”

लेक म्हणाली, “आमची तीन हायेत.”