जेवत्या जनावरांचे फोटो

फोटोग्राफरच्या घरात फोटो साठायला हवेत. आमच्या घरात किस्से साठले! त्याचं कारण अगदी साधं आहे. ज्या दिवशी फोटो झकास यायचा, त्या दिवशी सांगण्यासारखं काही घडलेलंच नसायचं. पक्षी आला, दाणा टिपला, बटण दाबलं, चला घरी. आणि ज्या दिवशी फोटो फसायचा, त्या दिवसाबद्दल लोक वर्षानुवर्षं विचारत राहायचे, "वहिनी, ते पुन्हा एकदा सांगा की!"

तर सांगते. पण आधी माणसं.

साठ सालानंतरची सांगली. आमच्या ह्यांचा, म्हणजे वसंतरावांचा, तिथं फोटो स्टुडिओ होता. लग्नं आणि मुंजी यांवर घर चालायचं, पण ह्यांचा जीव अडकलेला रानात. त्यातही पक्षी नुसता फांदीवर बसलेला ह्यांना चालत नसे. "नुसते बसायला काय, आमचे मामासुद्धा बसतात! खाताना दिसला पाहिजे. पोटासाठी धडपडणारं जनावर खरं दिसतं," असं म्हणायचे.

ह्यांच्या जोडीला दोघं. एक डॉक्टर, म्हणजे गुराढोरांचे सरकारी डॉक्टर. सातारा-सांगलीच्या खेड्याखेड्यांत त्यांची फिरती, त्यामुळं कुठल्या शिवारात काय आलंय ते त्यांना सगळ्यांआधी कळायचं. दुसरे जयवंतराव कांबळे. तासगावकडचे, फौजेत ड्रायव्हर होते, आणि लिलावात घेतलेली एक म्हातारी जीप त्यांच्याकडं होती. चौथी मी. डार्करूम माझी आणि चहाचा थर्मासही माझाच.

*

खंड्या पाण्यात सूर मारून मासा उचलतो, तो क्षण ह्यांना पाहिजे होता. त्यासाठी एका सकाळी हे कृष्णेत उतरले. कमरेपर्यंत झालं, छातीपर्यंत झालं, शेवटी गळ्यापर्यंत! कॅमेरा डोक्यावर धरलेला आणि नजर समोरच्या फांदीवर. हलायचं नाही, बोलायचं नाही. मी काठावर पिशवी सांभाळत बसलेली.

घाटावर धुणं धुणाऱ्या बायका आधी बघत राहिल्या. मग कुजबुज सुरू झाली. मग कुणीतरी माझ्याकडं बोट दाखवलं. मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तालमीतून आलेल्या एका पैलवानानं धाडकन पाण्यात उडी घेतली, ह्यांना मागून कवळ घातली आणि कॅमेऱ्यासकट उचलून पायरीवर आणून ठेवलं. खंड्या केव्हाच पसार!

हे संतापानं थरथरत होते. पैलवानाला वाटलं हुंदक्यांनी. त्यानं ह्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "आवं, संसारात असं चालायचंच! एवडं मनाला लावून घिऊ नगा."

आणि मग माझ्याकडं वळून हात जोडून म्हणाला, "वैनी, तुमी बी लय बोलत जाऊ नगा त्यास्नी."

*

मायणीच्या तलावावर चमचे उतरलेत, अशी खबर डॉक्टरांनी आणली. चमचा म्हणजे पांढराशुभ्र, उंच पायांचा पक्षी. चोच पुढं पळीसारखी चपटी, आणि ती चिखलात डावी-उजवीकडं फिरवत तो आपलं जेवण गोळा करतो.

पाण्याच्या कडेला आम्ही कडब्याची खोपी केली. पुढं लेन्सपुरतं भोक ठेवलं आणि हे आत जाऊन बसले. चमचे हळूहळू जवळ यायला लागले. आम्ही बांधाआडून बघत होतो. आणखी थोडं, आणखी थोडं... आणि एकदम सगळा थवा उडाला!

हे आतून ओरडले, "कोण हललं रे?"

कुणीच हललं नव्हतं. हळूहळू ह्यांचीच पाठ दिसायला लागली होती. मागच्या बाजूनं एक म्हैस येऊन शांतपणे खोपी खात होती! निम्मी भिंत तिच्या पोटात गेलेली. हे वळले, तर नाकाला नाक!

म्हशीचा मालक धावत आला. ह्यांनी तोंड सोडलं. त्यानं म्हशीच्या पाठीवर हात टाकला आणि विचारलं, "तुमाला नेमका कशाचा फोटू पायजेल हुता?"

"खाणाऱ्या जनावराचा!"

"मग ही काय करतीया?"

त्या दिवशी तेवढा एकच फोटो आला. म्हशीचा. फार सुंदर आला!

*

शिराळ्याची गंमत अशी, की तिथल्या माणसाला नागाचं भय नावालाही नाही. डॉक्टरांच्या ओळखीचा दत्तू म्हणून एकजण होता. बांधावर उंदीर खायला येणारा एक नाग त्याला ठाऊक होता. आम्ही गेलो. दत्तूनं बिळाजवळची जागा दाखवली आणि हे दबा धरून बसले. बराच वेळ गेला. नाग बाहेर आला, फणा काढून चौफेर बघितलं आणि पुन्हा आत गेला. परत आला, परत गेला. उंदीर बिचारा समोरून दोनदा पळाला, तरी हा आपला तोंड उघडेना!

हे वैतागून म्हणाले, "अरे दत्तू, याला भूक नाही का?"

दत्तूला ते बोलणं लागलं. "भूक हाय की! पर तुमी चौघं असं डोळं फाडून बगाय लागल्यावर त्येनं जेवायचं कसं? तुमच्या ताटाम्होरं चार अनोळखी मानसं बसली, तर तुमाला घास गिळंल?"

आम्ही सामान आवरलं. दत्तूनं जाता जाता धीर दिला, "जेवून झालं की बलावतो. मग निवांत काडा फोटू."

*

तासगावकडच्या एका बागायतदाराच्या मुलीचं लग्न होतं. फोटोचं काम ह्यांच्याकडं. पहाटे जीपमधून जाताना उसाच्या कडेला एक कोल्हा दिसला. पुढच्या पायांत कांडकं धरून, मान तिरकी करून, मजेत ऊस खात बसलेला! ह्यांनी जीप थांबवायला लावली, एक फोटो घेतला आणि त्या आनंदात रोल पुढं सरकवायचं विसरून गेले. दुपारी पंगतीचा फोटो काढला, तो त्याच चौकटीवर.

रात्री डार्करूममध्ये मी कागद औषधात बुडवला. हळूहळू पंगत उमटली. केळीची पानं उमटली. फेटे उमटले. मुलाचे वडील उमटले. आणि त्यांच्या शेजारच्या पाटावर, मांडी घातल्यासारखा, तोंडात कांडकं धरलेला कोल्हा उमटला!

आमचं दोघांचंही धाबं दणाणलं. व्याह्यांच्या पंगतीचा तोच एक फोटो होता. आता लग्न काही पुन्हा लावता येत नाही! दोन दिवस ह्यांना जेवण गेलं नाही. शेवटी धीर करून फोटो घेऊन मुलीच्या वडिलांकडं गेलो. त्यांनी चष्मा लावला. फोटो उजेडात धरला. एकेका माणसावरनं बोट फिरवत ते कोल्ह्यापाशी येऊन थांबले. हे अंग चोरून उभे.

वडिलांनी बराच वेळ निरखून बघितलं. मग बायकोला हाक मारली, फोटो तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "आपल्याकडचा न्हवं ह्यो. पोराकडचा असंल."

*

हा किस्सा मात्र फक्त हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

हिवाळ्यात ज्वारी हुरड्यात आली, की भोरड्यांचे थवे उतरतात. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या. एक थवा उतरला, की बघता बघता कणसं रिकामी! जयवंतरावांच्या आईनं, सगळे तिला आये म्हणायचे, जन्मभर दुसऱ्यांच्या रानात माळ्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं हाकली होती. त्या साली जयवंतरावांनी फौजेतल्या पैशातून जमिनीची एक पट्टी घेतली होती, आणि तिच्यात पहिली ज्वारी उभी होती.

ह्यांना त्या थव्याचा फोटो हवा होता. पण विचारणार कसं? फोटो हवा, म्हणजे पाखरांनी खायला हवं, आणि पाखरांनी खायचं, म्हणजे आयेनं गोफण खाली ठेवायला हवी! ह्यांनी कॅमेरासुद्धा पिशवीतच ठेवला. जयवंतराव उगाच जीपचं बॉनेट उघडून बसले.

आयेनं माळ्यावरून आमच्या तोंडांकडं बघितलं आणि विचारलं, "काय रं जयवंता, का आलाईसा?"

शेवटी मीच सांगून टाकलं. तेवढ्यात आभाळ गरगरत खाली आल्यासारखा थवा आला. आयेनं गोफणीत धोंडा घातला, हात वर नेला, आणि तसाच खाली आणला.

"जलमभर लोकांच्या रानातली पाखरं हाकली," ती म्हणाली. "आज माज्या रानात आल्यात. बसू दे घटकाभर."

थवा बसला. सबंध रान गुलाबी झालं! जयवंतराव तोंड फिरवून उभे राहिले. हे मात्र काचेत बघतायत, स्टँडवर कॅमेरा नीट करतायत, उजेड मोजतायत. शेवटी माळ्यावरून आयेचा आवाज आला, "आरं बाबा, त्यास्नी ढेकर याय लागलं! तुजं डोळं मिचकावनं कवा सपायचं?"

बटण दाबल्याबरोबर गोफण कडाडली.

फोटो मोठा करून आयेला नेऊन दिला. शेकडो पाखरं, एकेकीच्या चोचीत दाणा. तिनं तो दाराजवळ उजेडात धरला आणि गंभीरपणे न्याहाळत राहिली.

"काय बघता, आये?"

"वळखून ठेवते एकेकीला. पुढल्या साली आल्या म्हंजे इचारीन."

*

लोणंदजवळच्या माळावर बैल मरून पडला होता. गिधाडं यायची वाट बघत आम्ही दिवसभर त्याच्या शेजारी, तेही वाऱ्याच्या नेमक्या चुकीच्या बाजूला! फोटो मिळाले, पण जीप बंद पडली. ती तिथंच ठेवून लोणंदला पॅसेंजर पकडली. आम्ही चढलो तसे लोक एकेक करून उठले आणि दाराशी जाऊन उभे राहिले. जयवंतराव ऐसपैस पाय पसरून म्हणाले, "फौज में कर्नलसाबलाच असा डबा मिळायचा!"

कोपऱ्यात फक्त एक म्हातारी उरली होती, कांद्याचं पोतं धरून बसलेली. जयवंतराव अदबीनं म्हणाले, "बसा आजी, तुमी तरी बसा."

"मी बसती रं," म्हातारी पोतं ओढत म्हणाली, "पर तुमी तकडं सरका. माज्या कांद्याला वास लागंल!"

*

संक्रांतीनंतरची गोष्ट. कोयनेकडच्या डोंगरात एक अस्वल वारूळ उकरून वाळवी खायला येतं, असं कळलं. दरवेळी खोपीत आमचे हे बसायचे. त्या दिवशी डॉक्टर हटून बसले, "आज मी!" ह्यांनी खोपीत कॅमेरा स्टँडवर लावून दिला, वारुळावर नेम धरून दिला. डॉक्टर पाण्याची बाटली आणि बायकोनं दिलेला गूळपोळ्यांचा डबा घेऊन पानांच्या खोपीत शिरले. आम्ही तिघं ओढ्यापलीकडं जीपमध्ये, दुर्बीण घेऊन.

उन्हं कोवळी होती तोवरच अस्वल आलं. चांगलं थोराड! वारुळापर्यंत आलं, थांबलं, नाक वर करून हुंगलं. मग वारुळाकडं पाठ करून सरळ खोपीकडं निघालं.

"हॉर्न वाजवा!" मी म्हटलं.

"न्हाई वैनी," जयवंतराव दबक्या आवाजात म्हणाले, "बिथरंल. डॉक्टर आत हायत."

अस्वलानं खोपीत डोकं घातलं. मग खांदे घातले. बाहेर फक्त काळं ढुंगण दिसत होतं! खोपी हलत होती. मी ह्यांचा दंड धरला होता, तो नंतर काळानिळा झालेला दिसला. आतून ना ओरडणं, ना काही.

मग अस्वल मागं सरकत बाहेर आलं, जिभल्या चाटत उभं राहिलं आणि डुलत डुलत जाळीत निघून गेलं.

आम्ही धावलो. डॉक्टर जिथल्या तिथं बसलेले होते. चष्म्यावर वाफ धरलेली. समोर उघडा डबा, आतून लखलखीत.

"फोटो घेतलात?" आमच्या ह्यांनी पहिलं काय विचारावं!

"इतक्या जवळचं या लेन्समधून येत नाही," डॉक्टर शांतपणे म्हणाले. चहा पाजल्यावर म्हणाले, "डबा ओढत होतं. झाकण निघेना. डबा गडगडत माझ्या पायाशी आला. त्यानं माझ्याकडं बघितलं. मग... मीच उघडून दिला."

परतताना डॉक्टरांनी आम्हाला शपथ घातली. घरी कळलं, तर रानात जाणं कायमचं बंद!

संध्याकाळी त्यांच्या घरी चहाला थांबलो. त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी डबा घासायला नेला आणि तसाच हातात घेऊन बाहेर आल्या. चेहरा फुललेला.

"अहो, लग्न झाल्यापासून गूळपोळी म्हटलं की तोंड वाकडं करता. आणि आज कणसुद्धा ठेवला नाहीत! इतक्या आवडल्या?"

आम्ही तिघं कपात बघत राहिलो. डॉक्टर म्हणाले, "फारच आवडल्या."

"मग पुढच्या रविवारी दुप्पट देते!"

"दे," डॉक्टर म्हणाले. "पण झाकण जरा सैल लाव."