मागच्या खोलीतलं आयोडीन

अकरावीच्या वर्गात निसर्गातल्या चार मूलभूत बलांचा धडा आला की दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "सर, हे क्षीण बल सोडलं तर चालते का?" गुरुत्वाकर्षण पोरांना कळतं, कारण गाडीवरून पडलेली असतात. विद्युतचुंबकीय बलावर पेपरात ढीगभर प्रश्न असतात. केंद्रकाला बांधून ठेवणारं तीव्र बल निदान नावाला तरी जबरदस्त आहे. पण ज्याची पोच केंद्रकाच्या आतच संपते, त्या क्षीण बलाचं करायचं काय? मी खडू झटकून सांगायचो, "एका मार्काचं येतं कधीमधी. दोन ओळी पाठ करा आणि पुढे चला." वीस वर्षं मी हेच सांगत आलो. मग ते बल माझ्या बायकोच्या गळ्यात कामाला लागलं.

तिच्या थायरॉइडमध्ये गाठ निघाली. तपासणीत कॅन्सर ठरला, ऑपरेशन करून ग्रंथी काढली. मागे राहिलेल्या पेशी मारायला किरणोत्सारी आयोडीनची एक कॅप्सूल द्यायची, असं डॉक्टरांनी ठरवलं. नागपुरातल्याच एका हॉस्पिटलमध्ये शिशाचं अस्तर असलेली खोली होती. तिथे तिला तीन दिवस एकटीनं राहायचं होतं. नर्ससुद्धा दारातूनच बोलायची.

हे आयोडीन काय करतं, ते मला डॉक्टरांपेक्षा जास्त पाठ होतं, आणि तिथेच सगळं बिघडलं. त्याच्या केंद्रकात न्यूट्रॉन जरा जास्त झालेले असतात. क्षीण बल त्यातल्या एकाचा प्रोटॉन करतं. त्या झटापटीत एक इलेक्ट्रॉन सुटतो, तो एकदोन मिलिमीटर धावतो आणि वाटेतली पेशी मारतो. दुसरा एक कण सुटतो, तो इतका अलिप्त की अख्ख्या शहरातून आरपार जाईल आणि कुणाला धक्काही लागणार नाही. आणि पाठोपाठ गॅमा किरण निघतो. तो गळ्यातून बाहेर येतो, भिंतीतूनही जातो. डॉक्टरांना त्या इलेक्ट्रॉनशी मतलब होता. मला गॅमा दिसत होता.

"घरी आल्यावर आठवडाभर वेगळं झोपा," डॉक्टर म्हणाले. "होईल तेवढं एक मीटर अंतर ठेवा. भांडी-कपडे वेगळे धुवा. लहान मूल, गरोदर बाई जवळ नको. बाकी गप्पा मारा, हसा, घाबरू नका." मी सगळं वहीत उतरवून घेतलं. 'घाबरू नका' एवढं लिहिलं नाही.

आमची मुलगी सहा वर्षांची. लहान मुलांचा थायरॉइड फार नाजूक असतो, हे मी वाचलं होतं, आणि वाचलं त्याच दिवसापासून माझी झोप गेली होती. तिला मी बहिणीकडे कामठीला पोचवलं. डॉक्टरांनी सांगितलेल्या एका मीटरचे मी तीन मीटर केले, आठवड्याचे वीस दिवस केले. कॉलेजातून खडू आणला. तिच्यासाठी रिकाम्या केलेल्या मागच्या खोलीच्या दारापासून मोजून बोळात एक पांढरी रेघ ओढली. अंतर दुप्पट केलं की मारा एक चतुर्थांश होतो, तिप्पट केलं की एक नवमांश. आयुष्यात पहिल्यांदा एखादं सूत्र मी घरात वापरत होतो आणि मनातून त्याचा अभिमानही होता. आता सांगताना लाज वाटते.

जानेवारी होता. मी तिला आणायला टॅक्सी केली, तिला मागच्या कोपऱ्यात बसवलं आणि स्वतः पुढे बसलो. दोन्ही काचा खाली करायला लावल्या. आयोडीन नीट शोषलं जावं म्हणून तिच्या थायरॉइडच्या गोळ्या आधीचे काही आठवडे बंद ठेवल्या होत्या, त्यामुळे चेहरा सुजला होता, आवाज जड झाला होता, आणि थंडी तर तिला हाडांपर्यंत वाजत होती. दोन स्वेटरवर शाल घेऊन ती कुडकुडत बसली. गॅमा किरणांना वाऱ्याशी काही देणंघेणं नसतं, हे मी परीक्षेत विचारतो. तरी काचा वर केल्या नाहीत.

घरी आल्यावर तिनं बोळातली रेघ पाहिली. मग खोलीत जाऊन पडली.

जेवणाचं मी असं केलं: ताट रेघेवर ठेवायचं आणि फरशी पुसायच्या वायपरनं तिच्या दारापर्यंत ढकलायचं. पाण्याची बाटली तशीच. वरणाची वाटी दोनदा कलंडली. ती ताट उचलायला वाकली की मी दोन पावलं मागे सरायचो. ती सुरुवातीला हसलीसुद्धा, "अहो, वाघाले टाकते तसं टाकून राहिले तुम्ही." मीही हसलो. पण तिनं वापरलेला टॉवेल दोरीवर दिसला तरी मी वळसा घालून जायचो. सकाळी दात घासताना मी आरशात स्वतःचा गळा चाचपून बघायचो.

तिसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतला गायगर काउंटर घरी आणला. रजिस्टरमध्ये कारण लिहिलं, 'प्रात्यक्षिक.' आधी हॉलमध्ये लावून पाहिला. भिंती, आकाश, आपली स्वतःची हाडं यांतूनही कण येतच असतात, तेवढे थोडके त्यानं मोजले. मग तो रेघेवर ठेवला आणि तिला दारात उभं राहायला सांगितलं. ती शाल सावरत उभी राहिली, फोटो काढायला राहतात तशी. मी बटण दाबलं. आकडे इतक्या वेगानं पळायला लागले की शेवटचा अंक वाचताच येईना. त्या यंत्रावरून डोस काढता येत नाही, ते त्यासाठी नसतंच, हे मला ठाऊक होतं. पण डोळ्यांसमोर पळणारा आकडा पाहिल्यावर ठाऊक असलेलं काही कामाला येत नाही. मी यंत्र बंद केलं.

"काय म्हणते तुमची मशीन?" तिनं विचारलं.

"नॉर्मल आहे."

"खोटं बोलता तं तुमचा आवाज चिरकते," ती म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

चौथ्या दिवशी माझी आई आली. ती कळमेश्वरजवळच्या आमच्या गावी राहते. सून आजारी, घरात बाईमाणूस नाही, म्हणून ती मला न विचारताच बसमध्ये बसली. मी दारातच तिला सगळं समजावलं. तिनं मान डोलावली, पदर खोचला आणि भाकरी टाकायला घेतल्या. दुपारी मी ताट रेघेवर ठेवलं आणि वायपर उचलला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ताट सरकत गेलं, माझी बायको वाकली, मी दोन पावलं मागे आलो.

"हे काय करून राहिला गा तू?" आई म्हणाली.

तिचा आवाज इतका खाली आला होता की मला वाटलं तिला चक्कर येतेय.

"माय, सांगितलं ना तुले. तिच्या अंगातून किरण निघतात."

"म्या पाह्यलं हाये हे," ती म्हणाली. "माही माय पाटलाच्या वाड्याबाहेर उभी राहे. वरून पाणी सोडत, ते ओंजळीत घ्या लागे. भाकर फेकत. आपली सावली पडली तं दोन पावलं मागं सरत. असेच."

आमच्या आजोबांनी याच नागपुरात धम्मदीक्षा घेतली होती. मी फिजिक्स शिकलो त्याचं मूळ त्या दिवसात आहे, हे आमच्या घरात पोरांना बोलायला लागल्यापासून सांगतात. आणि आई मला असं म्हणत होती.

"ते खोटं होतं, माय," मी ओरडलोच. "हे खरं आहे. हे मोजता येतं. आठ दिवसांत अर्धं होतं, मग पुन्हा अर्धं. हे सायन्स आहे."

"त्याइलेही आपलं खरंच वाटे. त्याइच्याही पोथीत लिहून होतं." मग तिनं विचारलं, "डॉक्टरनं किती दूर राहा म्हटलं?"

"एक मीटर."

"अन् हे किती हाये?"

मी रेघेकडे पाहिलं.

"पोरीसाठी करून राहिलो म्हणतोस. पोरगी तं कामठीले हाये. मंग तू कोणासाठी इतका भेऊन राहिला, बाबू?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते आईला सांगण्यासारखं नव्हतं. मी सगळ्यांना मुलीचं नाव सांगत होतो, बहिणीला, शेजाऱ्यांना, स्टाफरूममध्ये. खरं म्हणजे मी माझ्या स्वतःच्या गळ्यासाठी भीत होतो. बायको बरी होईल की नाही, हा विचारसुद्धा त्या चार दिवसांत मला दोनतीनदाच आला असेल. बाकी वेळ मी माझाच हिशेब करत होतो. आईचं बोलणं मागच्या खोलीत ऐकू गेलं होतंच. दार उघडंच होतं.

वायपर मी ठेवून दिला. पण रेघ पुसली नाही.

सहाव्या दिवशी सकाळी आई गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली होती. मी रेघेच्या अलीकडे खुर्ची टाकून उत्तरपत्रिका तपासत होतो. बायको तिच्या खोलीतल्या बाथरूममधून बाहेर आली, भिंतीला हात लावला, आणि तो हात भिंतीवरून घसरत खाली आला. ती खोलीच्या उंबऱ्यावर आडवी पडली. डोकं फरशीवर आपटल्याचा आवाज झाला.

मी उठून उभा राहिलो. रेघेपर्यंत आलो. तिथे थांबलो.

खोटं कशाला सांगू? त्या वेळी माझ्या डोक्यात सूत्र होतं. अंतराचा वर्ग छेदात असतो. अंतर कमी कमी करत शून्यावर आणलं, तर उत्तर अनंत येतं. एका बिंदूसाठी केलेलं ते सूत्र जिवंत माणसाला असं लावायचंच नसतं, हे मला कळत होतं, आणि तरी पाय उचलत नव्हता. मी तिला हाक मारली. ती बोलली नाही. पुन्हा हाक मारली. फरशीवर तिचे केस पसरले होते. मला रडायला येत होतं आणि मी जागचा हलत नव्हतो. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही, आणि ती तिच्यासाठी होती की तिची होती, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

जिन्यावर चपलांचा आवाज झाला. आई आत आली. तिनं रिकामी बादली तिथेच टाकली, मला बाजूला लोटलं आणि बोळ ओलांडून सरळ जाऊन खाली बसली. सुनेचं डोकं मांडीवर घेतलं. "उठ वं बाई. डोळे उघड. मी हाये ना." पदरानं तिचा चेहरा पुसत होती, गळ्यावरच्या टाक्यांच्या व्रणावर हात ठेवून होती. मी फोन शोधायला हॉलमध्ये धावलो. धावायला एक काम मिळालं म्हणून मला हायसं वाटलं.

डॉक्टरांनी आधी तिच्याबद्दल दहा प्रश्न विचारले. अशक्तपणा आहे, बीपी उतरलं असेल, गोळ्या नुकत्याच परत सुरू केल्यात, अंगी लागायला वेळ लागतो, असं म्हणाले. डोक्याला लागलंय म्हणून दाखवायला आणा म्हणाले. मग मी विचारलं, "सर, माझी आई तिला धरून बसली आहे. तिला काही होईल?"

"तुमच्या आईच्या वयाला त्यानं काही फरक पडत नाही," ते म्हणाले. "तुम्हालाही पडला नसता, सर. तुम्ही शिकवता ना हे? भित्यापाठी ब्रह्मराक्षस अशी गत झाली तुमची. मीटरभर अंतर रोजच्या वावरासाठी असतं. पडलेल्या माणसाला उचलायला नसतं."

टॅक्सीत त्या दिवशी आई तिच्या शेजारी बसली. डोक्याला नुसतं टेंगूळ होतं. संध्याकाळी आईनं ओल्या फडक्यानं बोळ पुसून काढला. पुढे डॉक्टरांनी मुलीला आणायला हरकत नाही म्हटल्यावर मी कामठीहून तिला घेऊन आलो. ती धावत जाऊन आपल्या आईच्या, माझ्या बायकोच्या, गळ्यात पडली. मी श्वास रोखून पाहत राहिलो, पण अडवलं नाही.

उन्हाळ्यात तपासणी झाली. रिपोर्ट स्वच्छ आला, कुठेही काही उरलं नव्हतं. आम्ही दोघं हॉस्पिटलच्या व्हरांड्यात कूलरसमोर बसलो होतो. तिच्या चेहऱ्यावरची सूज गेली होती, आवाज पूर्वीसारखा झाला होता. मला वाटलं, आता बोलायला हवं. मी म्हणालो, "त्या ताटाचं फार चुकलं माझं. आणि त्या मशीनचं."

"ताटाचं जाऊ द्या," ती म्हणाली. "तुम्हाले भेव वाटत होतं, मले दिसत होतं. मीही भेली होती." तिनं रिपोर्टची घडी पर्समध्ये घातली, चेन लावली. "पण मी पडली ना त्या दिवशी, तेव्हा मले शुद्ध होती. बोलता येत नव्हतं, एवढंच. खालून तुमचे पाय दिसत होते. मी मनात अंक म्हणत होती. दहापर्यंत येतील, म्हटलं. मग म्हटलं, वीसपर्यंत येतील."

मग आम्ही उठून घरी आलो.

आई येईपर्यंत किती अंक झाले होते, ते तिनं सांगितलं नाही. मी जन्मभर मोजमापाचा विषय शिकवत आलो, पण तो आकडा विचारायची माझी छाती होत नाही. आमच्यात कधी भांडण पेटलं की मी लवकर माघार घेतो. रागाच्या भरात ती तो आकडा सांगून टाकेल, याचीच आता मला भीती वाटते.