जाळी कोणी काढली

इटालियनचं नाव काढलं की आजही माझं डोकं फिरतं. भाषेचा काही दोष नाही. दोष आमच्या मेल्या मॅनेजरचा, आणि माझा.

पन्नासच्या दशकात मी मुलुंडच्या एका कारखान्यात टायपिस्ट होते. पत्रा कापायची यंत्रं इटलीहून यायची, पत्रव्यवहार करायला कोणी हवं, म्हणून मला अंधेरीच्या कॉन्व्हेंटमधल्या एका म्हाताऱ्या इटालियन सिस्टरकडे शिकायला धाडलं. कर्मणी प्रयोग तिने एका दुपारीच शिकवला. 'एस्सेरे' हे 'असणे'चं क्रियापद घ्यायचं, त्याला मूळ क्रियापदाचं भूतकाळी रूप जोडायचं, ते कर्माप्रमाणे बदलायचं. आपल्यासारखंच: जाळी काढली गेली, खिळा काढला गेला. कोणी काढला ते सांगायचं असेल तर पुढे 'दा', म्हणजे आपलं 'कडून'. "नाही सांगितलं तरी वाक्य पूर्ण होतं," सिस्टर म्हणाली. मला तेव्हा गंमत वाटली होती.

आमच्या प्रत्येक यंत्राच्या तोंडाशी लोखंडी जाळी होती, हात आत जाऊ नये म्हणून. जाळीमुळे काम हळू होई. म्हणून रोज सकाळी भोंग्याआधी मॅनेजर स्वतः उभा राहून सगळ्या जाळ्या काढायला लावी आणि आपल्या केबिनमध्ये रचून ठेवी. सरकारी इन्स्पेक्टर येणार असला की त्या परत बसत. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं.

मग आमच्याच चाळीतल्या मालवणकडच्या काकांची तीन बोटं यंत्रात गेली.

इटलीच्या कंपनीने विचारलं, अपघात कसा झाला? मॅनेजर म्हणाला, "लिहा बाई, जाळी कामगाराकडून काढली गेली."

"साहेब, जाळ्या तर तुमच्या केबिनमध्ये आहेत."

"तुम्हाला नोकरी करायची आहे ना?"

मी टाइप केलं: ला प्रोतेत्सिओने ए स्ताता तोल्ता दाल्लोपेरायो. एकही चूक नाही. शेण खाल्लं, तेही शुद्ध व्याकरणात!

त्या संध्याकाळी काका हाताला बँडेज बांधून आमच्या दारात आले. "माझ्याबद्दल काय लिवलस गो? सांग बगू."

"जाळी काढली गेली, असं लिहिलंय," मी म्हटलं. 'कामगाराकडून' हा शब्द गिळला.

"माझा नाव नाय ना त्यात?"

"नाही."

"मगे देवाक काळजी," म्हणाले, आणि डाव्या हाताने माझ्या डोक्यावर थोपटून गेले. मी तिथेच मरायला हवं होतं.

महिन्याभराने उत्तर आलं: जाळी कामगाराने काढली असल्यामुळे आमच्या यंत्राचा दोष नाही. त्याचं मराठी भाषांतरही मीच केलं, खाली सही केली. त्याच कागदाच्या जोरावर मॅनेजरने काकांना कामावरून काढलं, आणि कागद फाटकाजवळच्या फळ्यावर लावला.

दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा काका फळ्यासमोर उभे होते. इटालियन त्यांना येत नव्हतं. मराठी नीट वाचता येत होतं.