उतारावरचा पंचनामा

एका निरपराध बाईची नोकरी जावी म्हणून मी लेखी तक्रार दिली होती, तिला पुरावाही जोडणार होते. वीस वर्षं होत आली, तरी ती घटना काही केल्या पुसली जात नाही. नोकरीत माझा एकही तपास चुकला नाही, असं मी नातवंडांना छातीठोकपणे सांगते. हा तपास निवृत्तीनंतरचा, म्हणून त्यात धरत नाही.

दोन हजार पाचच्या सुमाराची गोष्ट. पोलीस निरीक्षक म्हणून पुण्यात निवृत्त झाले आणि नेदरलँड्समध्ये हार्लेमला मुलाकडे आले. मुलगा-सून कामावर, नात शाळेत. सकाळी दार लागलं की संध्याकाळपर्यंत घरात आवाज करणारी वस्तू एकच, वॉशिंग मशीन. ठाण्यात दिवसभर माणसांची रीघ असायची. इथे मी खिडकीत बसून सायकली बघायची. समोरचा एक सायकलवाला मंगळवारीच उशिरा का येतो, याचा छडा लावण्यात मी दोन आठवडे घालवले. यावरून काय ते समजा.

नाताळच्या सुट्टीतल्या शनिवारी आम्ही स्कीइंगला गेलो. या सपाट देशात डोंगर नाहीत, म्हणून गोदामाएवढ्या इमारतीत उतार बांधून त्यावर यंत्राने बर्फ पाडतात. त्या दिवशी तिथे जत्रा भरली होती. दुपारपर्यंत घासून घासून बर्फ मधोमध काचेसारखा झाला होता. नियम दोनच: वरून येणाऱ्याने पुढच्याला सांभाळायचं, आणि कुणीही उताराच्या मध्ये थांबायचं नाही. माझी नऊ वर्षांची नात सात-आठ मुलांच्या रांगेत शेवटी होती. पुढे त्यांना स्कीइंग शिकवणारी शिक्षिका, पन्नाशीची डच बाई. मुलगा आणि सून काचेआड कॉफी घेत होते. मी खाली बर्फापाशी, मुलाचा नवा डिजिटल कॅमेरा घेऊन.

मी फोटो काढला आणि पुढच्याच क्षणी मागून आलेला एक आडदांड माणूस नातीवर आदळला. तिचं मनगट मोडलं.

प्रथमोपचाराच्या खोलीबाहेर एक मराठी बाई भेटली. "काकू, ती शिक्षिका मागे वळून बघतच नव्हती हो! मी बघितलं ना."

मला खबर मिळाली. कित्येक महिन्यांनी अंगात वर्दी चढल्यासारखं वाटलं. रविवारी सकाळी मी तक्रार सांगितली, मुलाने डचमध्ये लिहिली.

"आई, त्या बाईची नोकरी जाईल."

"जाऊ दे. मुलांना वाऱ्यावर सोडते!"

"मॅडम, रिटायर झालात तुम्ही."

"लिही तू."

तक्रार तिथे देऊन आलो. दुपारी तिथून फोन आला. बाईंना कामावरून बाजूला केलं होतं. पुढचा निर्णय सोमवारी.

आता साक्षीदाराचा जबाब. नात प्लॅस्टरमधला हात मांडीवर घेऊन बसली होती. मी जुनी पद्धत वापरली: समोर दूध ठेवलं आणि काही न बोलता बसून राहिले.

"बाई मागे बघत नव्हत्या ना?"

"आय डोन्ट नो, आजी."

"मग तू मध्ये का थांबलीस?"

गप्प. बाईंची नोकरी जाणार हे कळल्यावर मात्र ती रडायला लागली. नव्या शिपायांना मी शिकवायचे की खोटं बोलणारा फार बोलतो, आणि कुणाला तरी पाठीशी घालणारा गप्प बसतो. पोर बाईंना वाचवतेय, असा मी निष्कर्ष काढला आणि स्वतःवर खूश झाले. अशी मी हुशार!

तक्रारीला फोटो जोडायचा राहिला होता. मुलाने तो संगणकावर मोठा केला. नात उताराच्या मधोमध उभी, थेट कॅमेऱ्याकडे बघून हसतेय. मागे तो माणूस दोन्ही हात पसरून स्वतःला आवरायला धडपडतोय. बघ्यांना उतारावर येऊ न देणारी दोरी फोटोत कुठेच नव्हती, कारण ती माझ्या पाठीमागे होती. दोरीवरच्या पाटीवर 'थांबा' सांगणारा लाल पंजा काढलेला मी पाहिला होता, पण पाट्या लोकांसाठी असतात, ही माझी खात्यातली समजूत. मग आठवला तो आवाज. दारुड्यांची उतरवणारा माझा आवाज: "थांब! इकडे बघ!"

मुलगा हळूच म्हणाला, "आई, फिर्यादी तूच, पुरावा तुझाच, आणि..."

"आरोपीही मीच. पुढे बोलू नकोस. उद्या सकाळी गाडी काढ."

सोमवारी निर्णयाच्या आधी तिथे जाऊन मी कबुलीजबाब दिला. मी सांगत गेले, मुलगा भाषांतर करत गेला. व्यवस्थापकाने तक्रार माझ्यासमोर फाडली. शिक्षिका हसली नाही, रागावलीही नाही. "प्लॅस्टर निघालं की तिला पाठवा," एवढं म्हणून ती मुलांची रांग लावायला गेली.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. शेकडो पंचनाम्यांत साक्षीदार कुठे उभा होता, हे मी पावलं मोजून लिहिलं. मी स्वतः कुठे उभी आहे, हे एकदाही तपासलं नाही.

नातही सोबत आली होती; परतताना मागच्या सीटवर तिच्याशेजारी बसले. तिला म्हटलं, "चुकलं माझं. मी ओरडले म्हणून घाबरून थांबलीस ना?"

एरवी इंग्रजीत उत्तर देणारी पोर शब्द शोधत मराठीत बोलली:

"घाबरून नाही, आजी. तिथे सगळ्यांबरोबर कुणीतरी होतं. तू एकटी होतीस, म्हणून थांबले."