शिवलेला खिसा

चर्चच्या खुंटीवर आमच्या दिवंगत पाळकांचा झगा टांगलेला होता. त्याचा एक खिसा वजनानं ओघळलेला, आणि तोंडाशी काळ्या दोऱ्यानं शिवलेला. त्या खिशात ते टाळ ठेवायचे आणि प्रवचन संपलं की येशूवर स्वतः रचलेले अभंग गायचे. चर्चच्या पंचांना ते खटकलं. "हे चर्च आहे," म्हणत त्यांनी खिसाच शिवायला लावला, तोही माझ्याकडून, कारण चर्चचे कपडे धुणं-शिवणं माझ्याकडे. पुढच्या रविवारी पाळकांनी नुसत्या टाळ्या वाजवत अभंग म्हटला. मला म्हणाले, "खिसा शिवता येतो, बाई. माझ्या आईची चाल कशी शिवाल?"

देवाला आईच्या चालीत हाक मारायला कुणाची परवानगी लागते?

आज नव्या पाळकांसाठी मी तो झगा धुवायला काढला. पंच समोरच बसले होते. त्यांच्यादेखत आधी ती शिवण उसवली.