पाणी मारलेलं वजन

सोनल मेश्राम या एकोणीस वर्षांच्या बॉक्सरवर अन्याय झाला तो यंदाच्या तान्ह्या पोळ्याला (पोळ्याचा दुसरा दिवस, पोरं लाकडी बैल मिरवतात), सकाळी, नागपुरातल्या एका निवड स्पर्धेच्या वजनकाट्यासमोर. तिचा गट पन्नास किलोंचा. तिथं क्लबच्या अध्यक्षांची पुतणी उतरवायची होती, म्हणून सोनलला वरच्या, चौपन्नच्या गटात ढकललं. त्या गटासाठी पन्नासच्या वर भरावं लागतं. ती भरत नव्हती. मग प्रशिक्षकांनी तिला दोन बाटल्या पाणी पाजलं आणि काट्यावर उभं केलं. दुसऱ्या फेरीत डोक्यावर ठोसा बसून ती पडली. संध्याकाळी तिला स्वतःची गल्ली ओळखू येईना.

डिसेंबरात पुढची निवड आहे आणि पुन्हा चौपन्नमध्येच नाव दिलंय, असं तिनं मला फोनवर सांगितलं; खेळाडूंच्या तक्रारी मी हाती घेते, हे तिला ठाऊक होतं. मी सांगलीहून निघाले.

नागपुरात उतरले तेव्हा थंडी हाडांत शिरत होती. स्टेशनबाहेर संत्र्यांचे ढीग. रिक्षावाल्यानं माझी पिशवी उचलली आणि परत खाली ठेवली.

"लय वजन हाय ताई. काय भरलं?"

"पत्रकं. अन्यायाविरुद्धची."

"अस्सं. मंग मागं ठेवा. पुढं ठेवलं तर गाडी वळत नाई."

नंदनवनात मेश्रामांचं दोन खोल्यांचं घर. सोनलची आई शीलाबाई कळमन्याच्या बाजारात मिरचीचे देठ खुडते. तिनं जेवायला पाटोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांचं झणझणीत कालवण) वाढला. भिवापुरी मिरचीनं दुसऱ्या घासाला माझे डोळे वाहू लागले आणि माझं भाषण तिथंच थांबलं. तेवढ्यात शेजारीण सांबारवडीचं ताट घेऊन आली (सांबार म्हणजे आपली कोथिंबीर).

"खाय वं सोनल. चौपन्नची व्हायचं हाय ना तुले?"

"नाई व्हायचं, काकू."

"काहून (का) वं?"

सोनलनं वड्या माझ्याकडे सरकवल्या. "खाऊन वजन येते, हात लांब होत नाई. समोरची अठ्ठावन्नची असते, घाम गाळून चौपन्नवर उतरते. मले पाणी पाजून चढवतात. तिचा ठोसा अठ्ठावन्नचाच बसते, काकू. माहे पाय तर पाण्यानंच जड झाले राहतात."

काकूंनी ताट उचललं नाही. मात्र नंतर आग्रहही केला नाही.

सकाळी शीलाबाईबरोबर कळमन्याला गेले. मिरचीचा लाल समुद्र म्हणावा तर समुद्रानं कुणाला इतक्या शिंका येत नसतील. बाया बोलता बोलता देठ खुडत होत्या. एका हमालानं पोत्यात हात घातला, मिरची दाबली आणि व्यापाऱ्याकडे पाहून हसला.

"शेठ, आंघोळ घालून आणली का मिरची?"

शीलाबाईनं मला समजावलं. वजन वाढावं म्हणून काही जण मिरचीवर पाणी मारतात. काट्यावर ती भारी भरते, घरी नेली की आतून काळी पडते.

"मिरचीले पाणी मारलं तर इथं भांडण होते," ती म्हणाली. "माह्या पोरीले मारलं तवा सारे टाळ्या वाजवून राहिले होते."

मी तीन वर्षं पत्रकं लिहिते आहे. एवढं नेमकं वाक्य माझ्या एकाही पत्रकात नाही.

निवडीच्या दिवशी हॉलमध्ये काट्यासमोर रांग होती. प्रशिक्षकांनी बाटली पुढं केली. "पी. टाइम नाई."

सोनलनं बाटली घेतली, एक चूळ भरली, बाजूच्या कुंडीत टाकली आणि काट्यावर चढली. एकोणपन्नास सहाशे.

"पन्नासची जागा भरली आहे," प्रशिक्षक म्हणाले. "चौपन्नात नाई उतरली तर घरी जाय."

"जातो ना सर. पण माह्यं वजन लिहा."

"लढत नाहीस तर लिहायचं काहून?"

"भरलं म्हणून."

काट्याशेजारी वही घेऊन बसलेल्या माणसानं प्रशिक्षकांकडे पाहिलं. मग शीलाबाईकडे पाहिलं. ती मिरचीनं लाल झालेले हात घेऊन दारातच उभी होती. त्यानं लिहिलं.

सोनल त्या दिवशी लढली नाही. अध्यक्षांची पुतणी लढली. बाहेर आल्यावर सोनलनं टपरीवर तर्री-पोहे (वर झणझणीत रस्सा ओतलेले पोहे) घेतले आणि प्लेट चाटूनपुसून खाल्ली. "आता भूक लागली," ती म्हणाली. त्या संध्याकाळी तिला गल्ली नीट ओळखू आली. हा पराभव आहे असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा वरच्या गटातला ठोसा खाऊन पाहावा.

परतीच्या गाडीत माझी पिशवी हलकी होती आणि कपड्यांना मिरचीचा वास होता. आता तुम्ही. तुमच्या गावातही तालीम आहे, क्लब आहे, काटा आहे. पुढच्या निवडीला टाळ्या वाजवायला उशिरा येऊ नका. वजनाच्या वेळी या, काट्याजवळ उभे राहा. पोरीच्या हातात कुणी बाटली दिली, तर ती काढून घ्या आणि सगळ्यांसमोर विचारा: काहून?