जेसीबीवाल्याला सापडलेलं आमचं घर

मंडळी, आज सकाळी हडपसरच्या पुढचा आमचा दोन गुंठ्यांचा प्लॉट साफ करून घेतला. हे गेल्यापासून सहा वर्षं मी तिकडे फिरकलेच नव्हते. घाणेरी आणि बाभळी डोक्याच्या वर गेल्या होत्या.

अर्ध्या तासात जेसीबी थांबला. चालक उतरून म्हणाले, "काकू, हितं दगड ओळीनं लावल्यात. कुणाची समाधी हाय का?"

"नाही हो," मी म्हटलं, "ते आमचं घर आहे."

प्लॉट घेतला त्या रविवारी आम्ही दोघांनी दगड मांडून खोल्या आखल्या होत्या. स्वयंपाकघर पूर्वेला, मुलीची खोली रस्त्याकडे. "दारातून ये, भिंतीतून नको," असं ह्यांनी मला बजावलंही होतं. पुढे आजारपण आलं आणि घर दगडांवरच राहिलं. मुलगी आता कॅनडात आहे. काल फोनवर म्हणाली, "आई, विकून टाक ना."

मी दाराच्या जागेतून आत गेले आणि स्वयंपाकघरात उभी राहिले. हाक मारायला कोणी नव्हतं. चालकांनी मशीन बंद केलं आणि ते लांब जाऊन थांबले.

मग मुलीच्या खोलीचे दगड मी एकेक करून उचलले आणि कुंपणापाशी नेऊन ठेवले. आमची खोली आणि स्वयंपाकघर तेवढं राहू दिलं. विकणार नाही, तेवढंच बांधणार आहे.

तुमच्यात कोणी एकटं राहत असेल तर खरं सांगा, एका माणसाला स्वयंपाकघर केवढं लागतं?